सिकलसेलची पोरगी दुखणं सांगतच नाही, शाळेत कळवावं का?

धानपट्टा_माय
नमस्कार, आम्ही कुरखेडा तालुक्यातले. मुलगी दहावीला आहे, सिकलसेल एसएस, म्हणजे मायबाप दोघांकडूनही आलेला रक्ताचा आजार. हायड्रॉक्सीयुरिया अन् फॉलिक ॲसिड चालू आहे, प्रश्न औषधाचा नाही. थंडी पडली की तिचे गुडघे धरतात, अन् ही पांघरुणात गरम पाण्याची बाटली दाबून गणितं सोडवत बसते, ओठ दातात धरलेला, विचारलं तर काही नाही माय म्हणते. पाहुणे म्हणतात पोरगी लय हिंमतवाली, हूं का चूं करत नाही. मले भीती वाटते. शाळेत सांगू नको म्हणते, मैत्रिणी दूर होतील म्हणून. काय करावं?

वैनगंगाकाठ
ताई मी स्वतः एसएस, वय ३१. राग मानू नका पण ते हिंमतवाली म्हणणं आधी बंद करा. एकदा तसं नाव पडलं की रडायची सोयच राहत नाही. अन् लेकरू गप्प राहते ते घरच्यापायी. रोवणीच्या दिवसात मले दवाखान्यात नेलं की बाबाची मजुरी बुडे, माय रातभर बाकड्यावर, दिसे नं सारं. बरं वाटते का असं विचारू नका, उत्तर हो-च येते. १० पैकी किती दुखते ते विचारा. आमच्या घरी डॉक्टरले विचारून ठरलं होतं, ४ पर्यंत घरीच, पाणी, गोळी, शेक, अन् ७ च्या वर गेलं की कोणी काही बोलायचं नाही, गाडी काढायची.

मास्तर_झाडीपट्टी
वर्गशिक्षकांना सांगाच, पण कोणाला किती सांगायचं ते मुलीला ठरवू द्या. बाकावर पाण्याची बाटली, लघवीला जायची मोकळीक, थंडीत स्वेटर, उन्हात पळवायचं नाही, एवढ्यानं खूप फरक पडतो. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, फार दमणूक झाली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तेच ते दुखणं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, प्रमाणपत्र काढून घ्या, बोर्डाच्या सवलतीचा अर्ज शाळेतून आधीच जावा लागतो.

गावची_आशा
ताप आला किंवा छाती दुखून दम लागला तर आकडा विचारत बसू नका, तसंच उचलून न्या. भावंडांची तपासणी झाली का? मायबाप दोघंही वाहक, म्हणजे स्वतःले आजार नाही पण अंगात त्याचा एक जीन असलेले, असले की दर वेळी ४ पैकी १ शक्यता एसएसची असते. दोष कोणाचाच नाही, हे घरच्या म्हाताऱ्यांनाही सांगा, आपल्याकडं सुनेलेच बोल लावतात आणि पोरगी ते ऐकत असते.

धानपट्टा_माय
आजी बोलते खरी, अन् पोरगी ऐकते. काल रात्री विचारलं तर ६ म्हणाली, आजवर असं कधी सांगितलं नव्हतं. पण ६ ले काय करायचं? अन् प्रमाणपत्र पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मिळते का?

वैनगंगाकाठ
गोळी, पाणी देऊन तासाभरानं परत विचारा, उतरत नसेल तर न्या. अन् तुमच्या डॉक्टरकडून हे सारं एकदा कागदावर लिहून घ्या, सोबत कोणीही असो, त्याले कळलं पाहिजे.

मास्तर_झाडीपट्टी
प्रमाणपत्र पीएचसीत नाही, जिल्हा रुग्णालयात. आधी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवर नाव भरा, जाताना तपासणीचा रिपोर्ट, आधार, फोटो न्या.