कारखान्याच्या संकेतस्थळासाठी वेब डेव्हलपर निवडताना काय पाहावे?

प्रश्न : रबाळेकर

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचा गॅस्केट आणि रबरी सील बनवण्याचा लहान कारखाना आहे. आजवर व्यवसाय ओळखीवर आणि जुन्या ग्राहकांच्या शिफारशींवर चालत आला. मात्र आता कंपन्यांच्या खरेदी विभागांत नवी माणसे आली आहेत आणि ती फोनवर बोलण्याआधीच संकेतस्थळाचा पत्ता मागतात. आमचे सध्याचे संकेतस्थळ एकपानी असून मोबाइलवर उघडले तर अक्षरे मुंगीएवढी दिसतात.

नव्या कामासाठी तीन प्रस्ताव आले आहेत. कळव्यातील एक तरुण एकट्याने काम करतो आणि वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या तयार प्रणालीवर संकेतस्थळ बनवून देण्याचे १८,००० रुपये मागतो. वाशीतील एका एजन्सीने १,४०,००० रुपये अधिक जीएसटी असा दर दिला आहे. तिसरी कंपनी सुरुवातीला काहीच घेत नाही, पण दरमहा २,५०० रुपये भाडे सांगते आणि गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी देते. तिघांनीही दाखवलेले नमुने देखणे आहेत. देखणेपणापलीकडे नेमकी कशावरून पारख करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : घोडबंदरवासी

मी स्वतः याच व्यवसायात असल्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती असू शकते, हे लक्षात ठेवूनच वाचावे. तिसऱ्या कंपनीच्या हमीपासून सुरुवात करतो, कारण तो विषय लवकर संपतो. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शक पानांवर लिहून ठेवले आहे. जो पहिल्याच भेटीत अशी हमी देतो, त्याच्या बाकीच्या आश्वासनांचे वजन आपणच ठरवावे.

आता मूळ मुद्दा. माझ्या मते सर्वांत आधी विचारायचा प्रश्न डिझाइनचा नसून मालकीचा आहे : डोमेन (म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता) कोणाच्या नावावर असेल, होस्टिंगच्या (संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवतात त्या जागेच्या) खात्याचा पासवर्ड कोणाकडे असेल, आणि त्या खात्यांना जोडलेला ईमेल कोणाचा असेल? डोमेन दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे हलवायचे झाल्यास लागणारा संकेतांक, नूतनीकरणाची सूचना आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा हे सारे खात्याशी जोडलेल्या ईमेलवर येते. तो ईमेल डेव्हलपरचा असेल आणि उद्या त्याने व्यवसाय बंद केला किंवा फोन उचलणे सोडले, तर वीस वर्षांत कमावलेले नाव अडकून पडते. म्हणून डोमेनची नोंदणी आपण स्वतः आपल्या फर्मच्या नावाने करावी आणि डेव्हलपरला फक्त कामापुरता प्रवेश द्यावा. सध्याचे डोमेन कोणाच्या खात्यात आहे, हेही आजच तपासून घ्या. एवढी साधी अट ऐकताच जो ‘ते सगळं आम्ही बघतो हो’ म्हणून विषय बदलतो, त्याला मी काम देणार नाही, मग त्याचे नमुने कितीही सुंदर असोत.

नमुन्यांबद्दल सांगायचे तर ते एजन्सीच्या लॅपटॉपवर पाहू नयेत. पत्ता लिहून घ्यावा आणि स्वतःच्या साध्या मोबाइलवर, वायफाय बंद करून उघडावा. गूगलचे पेजस्पीड इनसाइट्स हे साधन मोफत आहे. त्यात पत्ता टाकला की पानावरचा मुख्य मजकूर किंवा चित्र दिसायला किती वेळ लागतो ते कळते. अडीच सेकंदांच्या आत असेल तर गूगल ते चांगले मानते. शक्यतो दोन-तीन वर्षांपूर्वी केलेले काम दाखवायला सांगावे. नवे संकेतस्थळ सगळ्यांचेच चकचकीत असते. जुन्यावर तुटलेले दुवे, चौकशीचा बंद पडलेला फॉर्म किंवा अद्ययावत न केलेली प्लगइन (जादा सोयींसाठी जोडलेले छोटे प्रोग्राम) सापडली, तर काम हाती दिल्यानंतर हा माणूस काय करतो त्याचे उत्तर तिथेच मिळते.

वर्डप्रेस म्हटले की काही जण नाक मुरडतात, त्याला माझ्या मते अर्थ नाही. २००३ पासून चालत आलेली ही मुक्त प्रणाली आपल्या कामाला पुरेशी आहे आणि ती जाणणारी माणसे ठाण्यात, नवी मुंबईत सहज मिळतात. फक्त विकतच्या थीम (संकेतस्थळाचे तयार रूप) आणि प्लगइनच्या फुकट फिरणाऱ्या चोरट्या प्रती वापरणार नाही, हे त्या तरुणाकडून लेखी घ्या, कारण अशा प्रतींमधून घातक कोड आत शिरण्याचा धोका असतो. तसेच संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी कोणी वर्षाला काही हजार मागत असेल तर कारण विचारा. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा ते मोफत देते आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवतात.

प्रतिसाद २ : नौपाड्याचा हिशेबनीस

वरील प्रतिसादात खात्यांच्या मालकीचा मुद्दा आला आहे. कामाच्या मालकीचा राहिला आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणकासाठी लिहिलेला प्रोग्राम साहित्यकृतीच्या व्याख्येत येतो. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नियोक्त्याकडे जातो. स्वतंत्र कंत्राटदाराने केलेले काम मात्र आपण पैसे दिले एवढ्यावर आपले होत नाही. कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. आपण आखाती देशांत माल पाठवत असाल किंवा पाठवण्याचा विचार असेल, तर या दोन ओळी करारात असणे फार महत्त्वाचे आहे. अर्थात वर्डप्रेससारखा मुक्त भाग कोणीच आपल्या नावावर करून देऊ शकत नाही. हस्तांतर होते ते खास आपल्यासाठी तयार केलेल्या भागाचे.

दरांची तुलना करतानाही एक काळजी घ्यावी. एजन्सीच्या दरावर १८ टक्के जीएसटी लागेल, पण आपली नोंदणी नियमित योजनेत असेल तर त्याचे क्रेडिट (आपल्या करातून वजावट) मिळेल, त्यामुळे तो खर्चात धरू नये. एकट्याने काम करणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याची जीएसटी नोंदणी नसणे यात काहीच गैर नाही. आणि भाड्याचा प्रस्ताव फुकट वाटत असला तरी वर्षाला ३०,००० म्हणजे पाच वर्षांत दीड लाख होतात. एवढे देऊनही शेवटी हातात काय उरेल, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. भाडे थांबवल्यावर मजकूर, छायाचित्रे आणि डोमेन घेऊन बाहेर पडता येत नसेल, तर ते संकेतस्थळ आपले नाहीच.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता ‘काम पूर्ण झाल्यावर’ असा मोघम न ठेवता, सर्व पासवर्ड व संपूर्ण बॅकअप आपल्या हाती आल्यावर असा ठेवावा.

प्रतिसाद ३ : वागळे इस्टेट

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, तरी डेव्हलपर निवडण्याआधीचे एक काम कोणीच सांगितलेले नाही. संकेतस्थळे रखडतात ती पुष्कळदा डेव्हलपरमुळे नव्हे, तर आपण मजकूर देत नाही म्हणून. आमच्याच गल्लीत एका कारखान्याच्या संकेतस्थळावर ‘आमच्याविषयी’ या पानावर कित्येक महिने नमुन्यादाखल टाकलेला निरर्थक लॅटिन मजकूर तसाच होता.

आपला ग्राहक म्हणजे पंपाची किंवा पाइपलाइनची देखभाल करणारा अभियंता. त्याला कंपनीचे ध्येयवाक्य आणि हस्तांदोलनाची चित्रे नको असतात. त्याला सील कोणत्या पदार्थाचा आहे (नायट्राइल, ईपीडीएम, व्हिटॉन की पीटीएफई), कोणत्या तापमानापर्यंत, कोणत्या तेलाला किंवा रसायनाला चालते, फ्लँजचा आकार कोणता, हे एका तक्त्यात हवे असते, आणि तो तक्ता कॅटलॉगच्या स्कॅन केलेल्या पानाच्या रूपात नव्हे, तर निवडून कॉपी करता येईल अशा मजकुराच्या रूपात हवा असतो. नायट्राइलचा सील साधारण १०० अंशांच्या आसपास थकतो आणि व्हिटॉनचा २०० अंशांपर्यंत टिकतो, असे एक स्पष्ट वाक्य चार विशेषणांपेक्षा जास्त चौकशा आणते. छायाचित्रे काढताना माल पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि शेजारी स्टीलची पट्टी ठेवावी, म्हणजे जाडी आणि व्यास डोळ्यांना कळतो.

हे सगळे तयार करून तिघांसमोर ठेवा आणि कोण काय प्रश्न विचारतो ते पाहा. जो ‘ग्राहक चौकशी करताना ड्रॉइंग पाठवतात का, मग फॉर्ममध्ये फाइल जोडायची सोय करू या’ असे विचारेल, तो आपला माणूस. तो एकटा आहे की वीस जणांची एजन्सी आहे, हे मी दुय्यम मानतो. कळव्याच्या तरुणाला १८,००० मध्ये हे परवडणार नाही, हे मात्र खरे. त्याला दर वाढवून देण्याची तयारी ठेवा आणि वर्षभराच्या देखभालीची रक्कम वेगळी ठरवा.

रबाळेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सध्याचे डोमेन आमच्या जुन्या संगणक पुरवठादाराच्या खात्यात असल्याचे आज समजले. सुदैवाने ते गृहस्थ सज्जन आहेत आणि हस्तांतराला तयार आहेत. दोन शंका उरल्या आहेत. आमचे कार्यालयीन ईमेलही याच डोमेनवर आहेत, ते संकेतस्थळ हलवताना बंद पडतील का? आणि मराठी पान ठेवायचे आहे. त्याचा मजकूर छपाईवाल्याकडे आहे, तो चालेल का?

प्रतिसाद ४ : घोडबंदरवासी

मजकुराचे आधी सांगतो. छपाईवाल्याकडची फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असण्याची शक्यता आहे. त्यातील एक ओळ कॉपी करून गूगलच्या शोधचौकटीत चिकटवा. मराठीच दिसली तर तो युनिकोड (सर्व संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण पद्धतीचा) मजकूर आहे. रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसला तर आधी रूपांतर करावे लागेल आणि नंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावे लागतील. फाँटसाठी ‘मुक्त’ (Mukta) नावाचा, मुक्त परवान्याचा फाँट हा पर्याय चांगला आहे. ओळींमधील अंतर इंग्रजी पानापेक्षा थोडे जास्त ठेवायला सांगा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

ईमेल बंद पडू शकतात, म्हणून हा प्रश्न तिन्ही उमेदवारांनाही विचारा. कोणाला खरोखर काम येते ते उत्तरावरून लगेच कळेल. ईमेल कोणत्या सर्व्हरकडे जायचे हे डोमेनच्या एमएक्स नोंदींवरून ठरते, आणि नवे होस्टिंग जोडताना नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले पण या नोंदी तिकडे उतरवल्या नाहीत, तर संकेतस्थळ छान दिसत राहते आणि चौकश्या मात्र येणे थांबते. चांगला डेव्हलपर आधी डोमेनच्या या सर्व नोंदींची (डीएनएस नोंदींची) प्रत घेतो आणि ईमेल त्याच जुन्या होस्टिंगवर असतील तर सगळ्या पेट्यांचा बॅकअप घेतो. त्यानंतर नोंदींची टीटीएल (इतर सर्व्हर जुनी नोंद किती वेळ धरून ठेवतात ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून एक दिवस थांबतो आणि मगच बदल करतो. कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असेल तर गुरुवारी संध्याकाळी कार्यालय बंद होताना हा बदल करून घ्या आणि त्याच रात्री बाहेरच्या एखाद्या जीमेल खात्यावरून प्रत्येक पत्त्यावर एक पत्र पाठवून पाहा.