मदत हवी आहे : ‘बेफाम’ शब्दाला हा आवेश कुठून आला?

नमस्कार मंडळी. सोलापुरात विजापूर रोडवर गाड्या सुसाट पळवणाऱ्या पोरांना आमच्याकडची थोरली माणसं हमखास ‘बेफाम’ म्हणतात. शब्द फारसीतला. ‘बे’ म्हणजे विना, ‘फहम’ म्हणजे समज, आणि हा ‘फहम’ फारसीत अरबीतून आलेला. म्हणजे मुळात अर्थ नुसता ‘बेसमज’.

पण आज आपण ज्याला बेफाम म्हणतो, त्याला समज नसते असं नाही, त्याला कशाचीच पर्वा नसते. ‘बेदरकार’ जवळचा आहे, तरी मला तो थंड वाटतो. बेफाममध्ये अंगात वारं शिरल्याचा जोर आहे. घोडा बेफाम उधळतो, गर्दीही बेफाम होते.

सोलापूर बहमनी आणि आदिलशाही अमलाखाली राहिलेलं, म्हणून इथल्याच लोकांना विचारतोय. तुमच्या घरी दखनी, कन्नड किंवा तेलुगू बोलत असतील, तर त्यात हा शब्द आहे का? कोणत्या अर्थानं? जुन्या पत्रांत, बखरींत तो ‘बेसावध’ अशा अर्थानं कुणाला दिसलाय का? नुसता ‘फाम’ कुणी बोलताना ऐकलाय? कृपया अख्खं वाक्य द्या, नुसत्या अर्थावरून छटा कळत नाही.