शब्दचर्चा : ‘आवरलं’

माझी भाची अमूर्त चित्रं काढते. परवा तिनं घरकामावरच्या नव्या चित्राला नाव विचारलं. मोठ्या कॅनव्हासवर शेणकट हिरव्या रंगाचे अर्धगोल एकात एक गुंतलेत, त्यांत बोटांच्या रेघा उमटल्यात. सारवताना हात फिरतो आणि बाई मागे मागे सरकत जाते, अगदी तसे. बाई मात्र चित्रात नाही. भाचीनं स्वतः ‘बिनपगारी’ हे नाव काढलं होतं.

मला ते पटलं नाही. बिनपगारी म्हटलं की रजा आठवते. म्हणजे पगार होता, तो कापला. घरकामाला तो कधी नव्हताच. ‘वेठबिगारी’त सावकार डोळ्यांपुढे येतो, १९७६चा कायदा येतो. ‘राबणं’ खरा शब्द, पण त्यात राबणारी दिसते.

घरकामाबद्दल आपण बोलतो कसं, ते ऐका. भांडी झाली. दळण आलं. भाकरी झाल्या का? कर्ता नाहीच, सगळं जणू आपोआप. माझी आई इथं सोलापुरात विड्या वळायची. मांडीवर सूप, दोरा गुंडाळता गुंडाळता उठायची, तव्यावरची भाकरी उलटायची, पुन्हा बसायची. रात्री म्हणायची, “आज मी आठशे विड्या केल्या.” मजुरी हजार विड्यांमागे, म्हणून ‘मी’ आणि आकडा दोन्ही. त्याच हातच्या भाकरी मात्र नुसत्या ‘झाल्या’. मागाचंही तेच. चादर ‘त्यानं विणली’. बायकांनी सूत गुंडाळलेल्या कांड्या मात्र ‘भरून झाल्या’.

देशभरच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं गेली, पुरुषांची ९७. पाच तास, आणि क्रियापद ‘होणे’!

म्हणून मी ‘आवरलं’ सुचवलं. “आवरलं का गं?” म्हणजे ओटा, भांडी, पोरांचे डबे, अंथरुणं. तेच पुरुषाला विचारलं तर अर्थ आंघोळ-कपडे एवढाच उरतो. शिवाय रडू आवरतात, राग आवरतात. आणि आवरण म्हणजे थर, जे त्या रंगांत आहेतच. बहीण म्हणते ‘उरकलं’ बरं. पण उरकण्यात सुटका आहे. आवरलेलं घर दुपारपर्यंत पुन्हा पसरतं.

अक्कलकोट, बार्शीकडे यासाठी घरात दुसरा शब्द बोलत असतील तर जरूर सांगा. चित्र शुक्रवारी फ्रेमला जाणार आहे, मागे नाव लिहायचंय.