कानालेत्तोचा सान मार्को चौक
अठराव्या शतकातील चित्रकार कानालेत्तोने कॅमेरा ऑब्स्क्युराच्या (समोरच्या दृश्याची प्रतिमा पृष्ठभागावर पाडणाऱ्या अंधाऱ्या पेटीच्या) आधारे व्हेनिसची केवळ हुबेहूब नक्कल केली, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील त्याच्या, व्हेनिसमधील सान मार्को चौकाच्या चित्रात घंटाघराच्या मनोऱ्याला प्रत्यक्षापेक्षा कमी खिडक्या आहेत आणि ध्वजस्तंभ अधिक उंच आहेत. हे बदल यंत्राचे नव्हेत, चित्रकाराचे आहेत. मात्र जिथे त्याला नोंद ठेवायची होती तिथे त्याची नजर विलक्षण काटेकोर होती. माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयातील याच चौकाच्या आधीच्या चित्रात, आंद्रेआ तिराली या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १७२३ मध्ये सुरू झालेली नवी फरसबंदी अर्धवट अवस्थेत दिसते आणि त्यावरूनच त्या चित्राचा काळ ठरवता येतो. असा पुरावा जपणाऱ्या चित्रकाराला नक्कलकार म्हणणे अन्यायाचे आहे.