पानिपतच्या फलकावर कोणता आकडा लिहावा?

कोपरीकर: नौपाड्यातील आमच्या वाचनालयात 14 जानेवारीला पानिपतच्या लढाईविषयी फलक लावायचा असून, ‘एक लाख मराठा सैनिक धारातीर्थी पडले’ हे वाक्य त्यावर हवेच असा काही सभासदांचा आग्रह आहे. माझा त्याला विरोध आहे. काशीराज पंडितांनी मराठ्यांकडे 55,000 घोडदळ आणि 15,000 पायदळ असल्याचे लिहिले आहे; मग 70,000 लढवय्यांतून लाख पडतील कसे? लढाईनंतर कापले गेलेले बुणगे (सैन्यासोबतचे न लढणारे लोक) आणि यात्रेकरू यांची गणना सैनिकांत करू नये.

नेरूळकर: तुमचा आधारच कच्चा आहे. काशीराज अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी, म्हणजे अब्दालीच्या गोटात होते, आणि त्यांनी वृत्तांत लिहिला तो 1780 मध्ये. अब्दालीच्या घोडदळाचा त्यांनी दिलेला 41,800 हा आकडा नेमका दिसतो, म्हणूनच तो आपल्याला खरा वाटतो. त्यापेक्षा ‘संख्या अनिश्चित’ असे लिहा.

कोपरीकर: तेच काशीराज मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब आणि शुजा यांच्यातील तहाच्या बोलण्यांत मध्यस्थ होते, हे आपण सोडून देता. शिवाय होळकरांचे 5,000 स्वार, जनकोजी शिंद्यांचे 10,000, गारद्यांचे (कवायती पायदळाचे) 9,000 शिपाई, अशी पथकवार यादी ते देतात. ‘अनिश्चित’ लिहिले की लोक पुन्हा लाखच म्हणणार.

ऐरोलीवाला: ती यादी कोणत्या दिवसाची, हे आपण दोघेही विचारत नाही. नोव्हेंबर 1760 पासून मराठ्यांची छावणी पानिपतला अडकून पडली होती. डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसद जवळजवळ तुटली आणि दाणावैरणीवाचून घोडी मरू लागली. ज्याचे घोडे मेले तो शिलेदार (स्वतःच्या घोड्यासह चाकरी करणारा स्वार) लढाईच्या दिवशी स्वार धरायचा की पायदळ? सरदाराच्या नावापुढची संख्या बहुधा त्याच्या नेमणुकीची असते, प्रत्यक्ष हजेरीची नव्हे. हानीचेही तसेच. मल्हारराव, दमाजी गायकवाड आपापली माणसे घेऊन निसटले आणि कित्येकांना सूरजमल जाटाने आसरा दिला. छावणीच्या आकड्यातून पुण्याला परतलेले वजा करून बाकी सगळे मृत ठरवणे म्हणजे हिशेब नव्हे. (‘लाख बांगडी फुटली’ हा शोकाचा उद्गार आहे, हजेरीपट नव्हे.)

नेरूळकर: हे मान्य, परंतु मग 70,000 हा आकडाही फलकावर नको.

कोपरीकर: तो ‘काशीराजांच्या मते’ म्हणून राहील, त्याखाली छावणीतील उपासमारीची ओळ येईल, आणि लढाईनंतरच्या कत्तलीचा उल्लेख वेगळ्या परिच्छेदात, आकड्याशिवाय, करीन.