डोकं दुखतं ते ऑक्सिजनमुळेच असं नाही

वर एका ताईंनी लिहिलंय की दिवसभर एन-९५ मास्क लावून ऑक्सिजन कमी होतो, म्हणून डोकं दुखतं. मी सांगलीत विश्रामबागला दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. डोकं दुखतं हे अगदी खरं, पण कितीदा तरी बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिलं, आकडा ९७-९८ च्या खाली आला नाही. माझा जास्त त्रास डोक्यामागच्या घट्ट पट्ट्यांचा, आणि मास्क काढायला नको म्हणून न प्यायलेल्या पाण्याचा. एप्रिलमध्ये तर घशाला नुसती कोरड पडते. नाकाच्या हाडावर तांबडा वळ उठलाय, घाम आला की चुरचुरतो.

आणखी एक, हे फारसं कुणी बोलत नाही. नाकावरची पट्टी नीट दाबली नाही तर श्वास वर निसटतो. चष्म्यावर वाफ धरते, डोळे कोरडे पडतात, मग दिसावं म्हणून आपण मान वाकडी करतो. संध्याकाळी मान धरते ती त्यानेच.

दात साफ करायचं स्केलर, दात कोरायचं एअर रोटर चालू असताना तोंडातले तुषार उडतात, तेव्हा मास्क हवाच. पण ताई, दोन पेशंटच्या मध्ये बाहेर व्हरांड्यात येऊन मास्क काढा, घोटभर पाणी प्या. आमच्या मॅडम त्यासाठी पाच मिनिटं मोकळी ठेवतात. तुमच्या डॉक्टरांकडेही मागून घ्या.