अनुभव धागा: होम थिएटर आणि आपल्या नागपूरची लाइन

गेल्या मे महिन्यातली रात्र. साडेनऊ वाजलेले, कुलर फुल्ल, आम्ही चौघं हॉलमध्ये. अचानक देवघरातला पिवळा बल्ब पांढराफटक झाला, पंख्याचा आवाज चढला आणि एव्हीआरच्या (होम थिएटरच्या अँप्लिफायरच्या) जाळीतून जळका वास यायला लागला. धावत जाऊन मेन पाडला, तोवर एव्हीआर, सबवूफर आणि सेट टॉप बॉक्स गेले होते. सगळी यंत्रं चांगल्या स्पाइक गार्डवर (झटका अडवणाऱ्या एक्स्टेंशन बोर्डावर) होती. तो उचलून पाहिला तर खालचं प्लास्टिक फुगून तपकिरी झालेलं.

लाइनमन आला तेव्हा कळलं, गल्लीच्या खांबावर न्यूट्रल तुटली होती. तीन फेजवरची घरं एकाच न्यूट्रलवर परत येतात. ती तुटली की दोन फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त. शेजारच्या फेजवर सगळ्यांचे कुलर चालू होते, आमच्याकडे त्या मानाने काहीच नव्हतं.

स्पाइक गार्ड डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन जाणाऱ्या झटक्यासाठी असतो. मिनिटभर टिकणाऱ्या ३२०-३५० व्होल्टसमोर तो स्वतःच जळतो. एवढं साधं मला नुकसान झाल्यावर समजलं, म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय गेलं, का गेलं, नंतर काय केलंत ते सविस्तर लिहा. मीटरचं रीडिंग असेल तर नक्की द्या. – प्रतापनगर

*

मी महालातला. चाळीस वर्षं वायरिंग केलं, आता मुलगा करते. दादा, तुमचं न्यूट्रलचं बरोबर आहे, पण त्याच्याही आधी अर्थिंग पाहा. जुन्या वाड्यात तीन पिनचा सॉकेट लावलेला राहते आणि वरच्या मोठ्या भोकात वायरच नसते. कुठं कुठं तर अर्थची वायर आतल्या आत न्यूट्रललाच बांधून ठेवलेली सापडते. हे फार धोक्याचं. न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या पत्र्यातही करंट उतरते.

एव्हीआरच्या पत्र्यावर उलटा हात ठेवला आणि झिणझिण्या आल्या तर समजा की अर्थ मिळून नाही राहिला. टीव्ही, बॉक्स, सगळ्यांच्या पॉवर सप्लायमधून थोडा थोडा करंट पत्र्यावर येते, त्याला जायला वाट पाहिजे. तशात चालू मशीनला एचडीएमआय लावाल तर पोर्ट जायचा.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थचा खड्डा मेपर्यंत कोरडाठण्ण होते आणि अर्थ नावापुरता उरते. एप्रिलपासून आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी टाकत जा. आणि नुसत्या मल्टिमीटरवर जाऊ नका. अर्थ कच्चा असला तरी मीटर फेज-अर्थमध्ये पूर्ण २३० दाखवते, कारण त्याला करंटच लागत नाही. आम्ही १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून पाहायचो. मंद जळला की खड्डा गेला. हे मात्र वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः हात घालू नका. – महाल

*

काकांनी सांगितलेल्या झिणझिण्या आम्ही दोन वर्षं सोसल्या आणि "हिवाळ्यात स्टॅटिक येतं" म्हणत राहिलो. परवा बिल्डरची वायरिंग उघडली, तर आमच्या मजल्यावर अर्थची वायर आलेलीच नव्हती. – बेसा

*

आमचं नुकसान वरून आलं. मृग लागायच्या आधीचं वादळ, आभाळ भरून आलं तसे मी सगळे स्विच बंद केले. प्लग मात्र तसेच सॉकेटमध्ये. वीज आमच्या इमारतीवर पडलीच नाही, पलीकडच्या मोकळ्या प्लॉटकडे कुठंतरी पडली. तरी गच्चीवरच्या छत्रीच्या (डिश अँटेनाच्या) केबलमधून झटका आला: आधी सेट टॉप बॉक्स, तिथून एचडीएमआयने एव्हीआर, तिथून टीव्हीचा एक पोर्ट. तिन्ही यंत्रांची बटणं बंद होती. दुरुस्तीवाल्या दादांनी बॉक्सचं केबल जोडायचं तोंड दाखवलं, त्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका होता. एवढ्याशा ठिपक्यामागे सगळं गेलं.

तेव्हापासून आभाळ गडगडायला लागलं की आधी छत्रीची केबल काढते, मग इंटरनेटची वायर, मग प्लग. घरी कोणी नसेल तर सासूबाई काढतात, त्यांना मी केबलवर लाल चिकटपट्टी लावून दिली आहे. – मनीषनगर

*

ताईंचं अगदी बरोबर. माझं दुरुस्तीचं काम सीताबर्डीत आहे आणि पहिल्या पावसाच्या आसपास टेबलावर असेच बोर्ड येतात. लोक पॉवरच्या वायरीचा विचार करतात आणि बाकीच्या वायरी विसरतात. मशीनला जितक्या वायरी लागतात तितक्या वाटा झटक्याला मोकळ्या. प्रोटेक्टर घ्यायचाच तर ज्यात छत्रीची केबल आणि नेटवर्कची वायरही लागते असा घ्या, आणि सगळं त्या एकाच प्रोटेक्टरवर ठेवा.

स्पाइक गार्डच्या आत काय असतं तेही सांगतो. झिंक ऑक्साइडची, नाण्याएवढी गोल चकती, तिला एमओव्ही म्हणतात. नेहमीच्या व्होल्टेजला ती गप्प असते, झटका आला की क्षणात वाट मोकळी करून तो अर्थ-न्यूट्रलकडे वळवते. पण प्रत्येक झटक्यात ती थोडी थोडी झिजते. एक दिवस संपते, आणि बोर्ड मात्र चालूच राहतो! टीव्ही लागतो म्हणून आपण निर्धास्त. 'प्रोटेक्टेड'चा दिवा असलेला घ्या आणि तो विझला की बोर्ड बदला, दुरुस्त करत बसू नका. दिवाच नसलेले स्वस्त बोर्ड मी उघडले आहेत. काहींत चकतीच नव्हती, नुसता फ्यूज आणि चमकदार बटण.

आणखी एक. "आमच्याकडे नवीन एमसीबी आहे" हे मी रोज ऐकतो. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडते. झटका येऊन जातो तेव्हा ती हलतही नाही. – सीताबर्डी

*

आमच्याकडे उलटा त्रास. गल्ली डीपीच्या (भागाच्या ट्रान्सफॉर्मरच्या) शेवटच्या टोकाला, मेमध्ये संध्याकाळी ७ ते ११ व्होल्टेज १७८-१८५. जुना अँप्लिफायर, आत मोठा ट्रान्सफॉर्मर, आवाज वाढवला की प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडायचा. रिलेचा स्टॅबिलायझर लावला तर तो दर दोन मिनिटांनी खट्‌ करायचा आणि प्रत्येक खट्‌ला स्पीकरमधून टप्‌ आवाज. शेवटी सर्वो, म्हणजे खटके न मारता व्होल्टेज सावरणारा स्टॅबिलायझर घेतला, आता शांत आहे. नवीन टीव्ही आणि बॉक्सच्या मागे १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते मी स्टॅबिलायझरवर लावतच नाही, त्यांना फक्त सर्ज प्रोटेक्टर. – नंदनवन

*

प्रोजेक्टरवाल्यांसाठी: दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर छोटा यूपीएस घ्याच. लाइट गेली की आतला पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा तसाच बसतो. यूपीएसवर सिनेमा पूर्ण करायचा नाही, प्रोजेक्टर बंद करून पंखा थांबेपर्यंत वाट पाहायची. घरचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल तर अँप्लिफायर त्यावर चालवू नका. माझा ट्रान्सफॉर्मर घूं करून तापायचा. – धरमपेठ

*

घूं वरून आठवलं. माझ्या सबवूफरमधून सतत हुंऽऽ आवाज येऊन राहिला होता. मित्राने सुचवलं, प्लगची अर्थची पिन काढून टाक. काढली, आवाज गेला. काका, हे बरोबर आहे का? – खामला

आजच्या आज पिन परत लाव बाबा. आवाज गेला म्हणजे बिघाड गेला असं नसते. आत फेज पत्र्याला टेकला तर तुझ्या हातातूनच जमिनीत जाईल. हुंऽऽ येते ते दोन ठिकाणांहून अर्थ मिळाल्यामुळं. छत्रीची केबल काढून पाहा. काढल्यावर आवाज थांबला तर केबलला आयसोलेटर (त्या वाटेनं येणारा अर्थ तोडणारा जोड) लाव. नाही थांबला तर सगळं एकाच बोर्डावर घे. – महाल

काका, केबलच होती. पिन परत बसवली आहे, आयसोलेटर आणतो. – खामला

*

महागड्या पॉवर कंडिशनरने (लाइनमधला खरखराट गाळणाऱ्या डब्याने) आवाज 'उघडतो' असं मलाही सांगितलं गेलं होतं. महिनाभर मन लावून ऐकलं, बायकोने मला न सांगता कधी लावला, कधी काढला. मला एकदाही ओळखता आलं नाही. कुलरचा पंप चालू होताना यायचा तो चट्ट आवाज मात्र त्याच्या फिल्टरने बंद झाला, तेवढा फायदा खरा. तेच पैसे आधी अर्थिंगवर घातले असते तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं. – त्रिमूर्तीनगर

*

सगळ्यांचे आभार. काकांच्या मुलालाच बोलावलं. मीटरजवळ टाइप २ चा एसपीडी, म्हणजे सगळ्या घराच्या लाइनवरचा सर्ज प्रोटेक्टर बसवला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवल्या, वायर लांबली की झटक्याचा बराच भाग एसपीडीकडे न वळता यंत्रांवर जातो असं त्याने समजावलं. त्याच्या शेजारी ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ: वर २६५, खाली १७५. खड्ड्यात पाणी सुरू आहे, न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज आता १.८ व्होल्ट, आधी ११ होते.

हे लिहायचं कारण, काल रात्री दहाला घर अचानक अंधारलं. कटऑफच्या पडद्यावर आकडा लुकलुकत होता: २९१. बाहेर पाहिलं तर समोरच्यांचा व्हरांड्यातला बल्ब भगभगत होता. फोन घेऊन गल्लीतल्या सातही घरांना एकच सांगितलं, आधी मेन पाडा, मग बोलू. – प्रतापनगर